लायसन्स रिन्यू करताय? या चुका टाळा

माझ्या मामांचं लायसन्स संपून अकरा महिने झाले होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. रोज सकाळी स्कूटरवरून मंडईत जात होते. बँकेत केवायसीसाठी ते कार्ड पुढे केलं, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने तारखेवर बोट ठेवलं. आणखी महिना गेला असता, तर साठी ओलांडलेल्या माणसाला आरटीओच्या ट्रॅकवर पुन्हा चाचणी द्यावी लागली असती.

मामा सगळ्यांसारखंच म्हणाले, "अरे, महिनाभर तर चालतं ना!" पूर्वी चालायचं. मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन्स ग्राह्य धरायची तरतूद मोटार वाहन कायद्यात होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आता कार्डावरची तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनालायसन्स गाडी चालवता आहात आणि त्याचा दंड ५,००० रुपयांपर्यंत आहे.

इथे अजून एक गोंधळ होतो. मुदतीच्या एक वर्ष आधीपासून ते एक वर्ष नंतरपर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. हे ऐकून लोक समजतात की नंतरच्या वर्षात गाडी चालवायलाही मुभा आहे. ती मुभा फक्त अर्जाची आहे. त्या वर्षात अर्ज केला तर चाचणी टळते, एवढंच. शिवाय नवीन मुदत नूतनीकरणाच्या दिवसापासून धरली जाते, त्यामुळे मधले महिने कोरेच राहतात. त्या काळात अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. समोरच्याला दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करायची परवानगीही न्यायालय कंपनीला देऊ शकतं. दंड एकदा भरून मोकळं होता येतं, पण अशी वसुली घर पोखरते. म्हणून वर्षभर आधीच अर्ज करा.

तारीख बघताना पूर्ण कार्ड वाचा. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो चालवणाऱ्यांच्या कार्डावर दोन तारखा असतात, एनटी (खासगी गाडीसाठी) आणि टीआर (व्यावसायिक वाहतुकीसाठी). टीआरची मुदत पाचच वर्षांची असते आणि बरेच जण लांबची तारीख बघून निर्धास्त राहतात. खासगी लायसन्सलाही "वीस वर्षं" हा जुना हिशोब आता लागू नाही. तिशीच्या आत काढलं किंवा रिन्यू केलं तर वयाच्या चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नासमध्ये दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये साठीपर्यंत आणि पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावावर

सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर आधारने ओळख पटवली तर चाचणी नसलेलं नूतनीकरण घरबसल्या होऊ शकतं. पण आपल्याकडे लायसन्सवर 'पाटील सुनील रामचंद्र' आणि आधारवर 'सुनील आर पाटील' हे अगदी नेहमीचं आहे. लग्नानंतर आधारवर नाव बदललेलं, लायसन्स मात्र माहेरच्या नावाचं, हेही घरोघरी. जन्मतारखेत एक आकडा इकडचा तिकडे असला तरी गाडी तिथेच अडते. अशा वेळी तोच अर्ज पुन्हा पुन्हा भरू नका. नावातला फरक खरा असेल तर आधी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राच्या आधारे एक कागद दुरुस्त करून घ्या. घाई असेल तर आधारशिवायचा पर्याय निवडा आणि अपॉइंटमेंट घेऊन मूळ कागदांसह आरटीओत जा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हेही आधीच तपासा. ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जात असेल तर पुढे सरकताच येणार नाही.

पत्ता बदलला असेल तर नूतनीकरणासोबतच पत्ताबदलाची सेवाही निवडा. हे राहून गेलं की नवीन कार्ड स्पीड पोस्टाने जुन्या घरी जातं, तिथून परत आरटीओत येतं आणि तुम्ही वाट बघत बसता. राहत्या जागेच्या आरटीओत नूतनीकरण होतं. कोल्हापूरचं एमएच ०९ चं लायसन्स आहे म्हणून पुण्याहून रजा टाकून कोल्हापूर गाठायची गरज नाही.

लायसन्स जुन्या पुस्तकाच्या रूपात असेल, तर नंबर टाकल्यावर "माहिती सापडली नाही" असं येऊ शकतं. लायसन्स खोटं आहे असा त्याचा अर्थ नाही. त्याची नोंद संगणकावर चढलेली नाही. ज्या आरटीओने ते दिलं तिथे मूळ पुस्तक घेऊन जा आणि बॅकलॉग नोंदीबद्दल, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवण्याबद्दल विचारा. पुस्तकाची झेरॉक्स घरी ठेवा. याला वेळ लागतो, म्हणून पुस्तकवाल्यांनी सगळ्यांच्या आधी हालचाल करावी.

चाळिशी ओलांडलेल्यांना फॉर्म १-ए, म्हणजे डॉक्टरांचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. डॉक्टरांकडे जायच्या आधी फोन करून विचारा की ते लायसन्ससाठीचं प्रमाणपत्र देतात का आणि सारथीवर चढवतात का. न तपासता सही देणारा कोपऱ्यावरचा डॉक्टर शोधू नका. मोतीबिंदू वाढलेला असतो आणि रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, हे त्या तपासणीतच लक्षात येतं.

पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. सारथीवर शुल्काची स्थिती तपासायचा पर्याय आहे. अर्ज क्रमांक टाकून आधी तो वापरा. नूतनीकरणाचं मूळ शुल्क २०० रुपये आणि स्मार्ट कार्डाचे २०० रुपये, त्यावर टपालासारखा किरकोळ खर्च. मुदतीत अर्ज करत असताना कुणी दोन-तीन हजार सांगत असेल, तर तो आकडा सरकारचा नाही. गुगलवर वर दिसणारी पहिली साइट उघडू नका. पत्ता परिवहन डॉट गव्ह डॉट इन असाच संपतोय का, ते बघा. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल, तर अजिबात उघडू नका. परिवहनच्या नावाने असे सापळे लावले जातात आणि बँक खाती रिकामी होतात.

मुलं परदेशी शिकायला निघाली असतील तर निघण्याआधी लायसन्सची मुदत बघा. आंतरराष्ट्रीय परवाना जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो आणि इथलं लायसन्स त्याआधी संपत असेल, तर तोही तेव्हाच संपतो.

नवीन कार्ड हातात आल्यावर डिजीलॉकरमधली जुनी प्रत काढून नवीन घ्या. मामांनी कार्ड पाकिटात ठेवलं, पण मोबाइलमध्ये जुनीच तारीख राहिली होती. ती मी परवा बदलून दिली.