‘पुट मी स्ट्रेट थ्रू’: फ्रेझल व्हर्बच्या मधे कोण बसतं?

पुण्यात ब्रिटिश ग्राहकांचे फोन घ्यायच्या नोकरीला लागले त्याचा तिसरा आठवडा होता. एक बाई म्हणाल्या, ‘कॅन यू पुट मी स्ट्रेट थ्रू टु युअर मॅनेजर?’ ‘पुट थ्रू’ म्हणजे फोन जोडून देणे, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. माझ्या वहीत अर्थासकट लिहिलेलं होतं. तरीही मला वाक्य कळलं नाही. वहीत ‘पुट’ आणि ‘थ्रू’ एकमेकांना चिकटून होते. बाईंच्या बोलण्यात मात्र त्यांच्या मधे ‘मी’ आणि ‘स्ट्रेट’ येऊन बसले होते. मी दोनदा ‘सॉरी?’ म्हटलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

मी बार्शीजवळच्या खेड्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. व्याकरणाच्या पेपरात मला चांगले गुण असायचे. पण त्या फोननंतर कळलं की आपण अर्थ पाठ केलेत, जागा पाठ केलेल्या नाहीत. फ्रेझल व्हर्बला, म्हणजे ‘थ्रू’, ‘अप’, ‘ऑफ’ असा छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ आलेल्या क्रियापदाला, शब्दांच्या जागा असतात, आणि बोलणारा त्या जागांवर सर्वनामं आणि क्रियाविशेषणं बसवत असतो. मराठी माध्यमातून येऊन अशा कामाला लागणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी हेच सांगते.

सुरुवात सर्वनामापासून करा. ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ ही दोन्ही वाक्यं बरोबर. पण ‘लाइट’च्या जागी ‘इट’ आलं की पर्याय संपला. ‘टर्न इट ऑफ’ एवढंच चालतं, ‘टर्न ऑफ इट’ चालत नाही. ‘कॉल यू बॅक’, ‘पिक मी अप’, ‘फिल इट इन’ ही सगळी याच घरातली. याउलट ‘लुक आफ्टर’, ‘लुक अ‍ॅट’, ‘वेट फॉर’ यांच्यातला दुसरा शब्द शब्दयोगी, त्यामुळे नाम असो की सर्वनाम, ते त्याच्या मागेच येतं: ‘लुक आफ्टर हिम’. हा फरक कसा ओळखायचा, असं मला नेहमी विचारतात. ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. ज्या क्रियापदात कर्म मधेही बसतं आणि शेवटीही, तिथे दोन्हीकडे टोकं असलेला छोटा बाण छापलेला असतो. मला तो बाण कित्येक महिने दिसतच नव्हता. दिसायला लागल्यावर निम्मी कोडी सुटली.

आता क्रियाविशेषणं. नवी मुलं ‘शी पिक्ड अप क्विकली द फोन’ असं म्हणतात, कारण मराठीत ‘तिने पटकन फोन उचलला’ आणि ‘तिने फोन पटकन उचलला’ ही दोन्ही सहज चालतात. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये ‘क्विकली’सारखा शब्द सहसा शिरू देत नाहीत. एक तर तो आधी येतो, ‘शी क्विकली पिक्ड अप द फोन’, नाहीतर सगळं झाल्यावर, ‘शी पिक्ड अप द फोन क्विकली’. आणि ‘पिक्ड क्विकली अप’ तर कुणाच्या कानाला सोसत नाही.

हा नियम म्हणून पाठ करायला गेलं की विसरतो. माझ्या डोक्यात तो बसला मराठीमुळे. आपली संयुक्त क्रियापदं आठवा: खाऊन टाकणे, सोडून देणे, लिहून काढणे, निघून जाणे. ‘खाऊन टाक’ म्हणताना आपण काहीही टाकत नसतो, आणि ‘लिहून काढ’मध्ये काढण्यासारखं काही नसतं. दुसऱ्या क्रियापदाचा मूळ अर्थ पुसट होऊन काम पुरं झाल्याची छटा तेवढी उरते. ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘ड्रिंक अप’ यांतल्या ‘अप’चं नेमकं हेच काम आहे. वर जाण्याशी त्याचा काही संबंध नाही. आता यात ‘पटकन’ घालून बघा. ‘पटकन खाऊन टाक’ छान. ‘खाऊन टाक पटकन’ हेही छान. ‘खाऊन पटकन टाक’ मात्र घशात अडकतं. मधे शिरायची परवानगी मोजक्याच छोट्या शब्दांना आहे, जसं ‘खाऊन तरी टाक’, ‘खाऊनच टाक’. म्हणजे असल्या जोडीचा कान आपल्याला आईच्या बोलण्यातूनच मिळालेला असतो. इंग्रजीसाठी नवा कान बनवायचा नाही, हाच तिकडे वळवायचा.

आणि इंग्रजीतही मधे शिरणारे शब्द मोजकेच आहेत. ‘राइट’ आणि ‘स्ट्रेट’ हे त्यांतले मुख्य. ‘आय विल कॉल यू राइट बॅक’ म्हणजे लगेच परत फोन करते. ‘कम राइट इन’ म्हणजे अगदी बिनधास्त आत या. ‘सेंड इट स्ट्रेट बॅक’ म्हणजे मधे कुठे न थांबवता परत पाठवा. ‘ईट इट ऑल अप’, म्हणजे सगळं खाऊन टाक, यातला ‘ऑल’ही मधे बसतो, पण तो ‘इट’शी जोडलेला असतो. ‘राइट’ आणि ‘स्ट्रेट’ क्रियापदाला चिकटत नाहीत, ते पुढच्या ‘बॅक’, ‘इन’, ‘थ्रू’ला जोर देतात, म्हणून त्यांच्या अगदी आधी येतात. त्या बाईंचा ‘स्ट्रेट’ ‘थ्रू’ला चिकटलेला होता: सरळ मॅनेजरकडेच जोडून दे, मधे आणखी कुणी नको. माझ्यावर रागावण्याआधी त्या एवढंच मागत होत्या.

‘नेव्हर’, ‘ऑलवेज’, ‘जस्ट’ यांची चिंता करू नका. ते सरळ क्रियापदाच्या आधी येतात, आणि साहाय्यक क्रियापद असेल तर त्याच्या नंतर: ‘ही नेव्हर पिक्स अप’, ‘आय हॅव जस्ट हंग अप’. तीन शब्दांची क्रियापदं थोडी वेगळी. ‘वुई हॅव कम्प्लीटली रन आउट ऑफ मिल्क’ हे सरळ आहे, फक्त कर्ता बदललेला आहे हे ध्यानात घ्या. मराठीत दूध संपतं, इंग्रजीत आपण दुधाच्या बाहेर पळतो. ‘लुक फॉरवर्ड टु’मध्ये मात्र ‘टु’च्या आधी फट असते, तिथे ‘व्हेरी मच’ बसू शकतं: ‘आय लुक फॉरवर्ड व्हेरी मच टु मीटिंग यू’. आणि हो, तिथे ‘मीट’ नाही, ‘मीटिंग’. मुलाखतीनंतरच्या ईमेलमध्ये ही चूक मी सतत बघते.

हे सगळं अवघड जात असेल तर कमीपणा वाटून घेऊ नका. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 मध्ये आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे की परकीयांना सर्वांत मोठी अडचण क्रियापदांना मागून जोडल्या जाणाऱ्या या छोट्या शब्दांचीच येते.

ऐकण्यासाठी एक गोष्ट फार उपयोगी पडते. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर पडतो आणि ‘इट’ गिळलं जातं, कानावर जवळजवळ ‘टर्निटॉफ’ येतं. ‘लुक अ‍ॅट इट’मध्ये जोर ‘लुक’वर, ‘अ‍ॅट’ कसाबसा ऐकू येतो. म्हणून फोनवर क्रियापद निसटलं तर घाबरू नका, वाक्याच्या शेवटाकडचा जोरकस ‘ऑफ’, ‘बॅक’, ‘थ्रू’ पकडा. तो सापडला की मागचं क्रियापद संदर्भावरून लागतं.

वही ठेवायचीच, पण यादीची नको. मी पहिली वही फाडली नाही, फक्त वापरायची बंद केली, कारण तिच्यात ‘गेट’खाली ‘गेट अप, गेट इन, गेट बाय’ अशी रांग होती आणि सगळे अर्थ एकमेकांत मिसळायचे. दुसऱ्या वहीत दिवसाला एकच क्रियापद, आणि त्याची तीन वाक्यं: एक नाम घेऊन, एक सर्वनाम घेऊन, एक क्रियाविशेषण घेऊन. ‘आय पुट द कॉल थ्रू. आय पुट हर थ्रू. आय पुट हर स्ट्रेट थ्रू.’ तिन्ही वाक्यं मोठ्याने, खोलीत चालत म्हणायची. शेजारच्या मुलीला त्रास होतो म्हणून मी गच्चीवर जायचे.

आपल्याकडच्या काही सवयी मात्र सोडाव्या लागतील. ‘कोप अप विथ’ असं काही नाही, नुसतं ‘कोप विथ’. ‘रिटर्न बॅक’मध्ये ‘बॅक’ जास्तीचा आहे, परत येणं ‘रिटर्न’मध्येच आलं. आणि ‘आय पास्ड आउट इन 2019’ हे इंग्लंडमधल्या माणसाला सांगाल तर तुम्ही त्या वर्षी चक्कर येऊन पडलात असं त्याला वाटेल. खडकवासल्याच्या एनडीएत ‘पासिंग आउट परेड’ असते आणि तिथे तो शब्द बरोबरच आहे, पण पदवी घेतल्याचं सांगायला ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा.

त्या बाईंचा फोन पुन्हा कधी आला नाही. दीड महिन्याने दुसऱ्या एका आजोबांनी तसंच काही मागितलं, आणि मी म्हटलं, ‘आय विल पुट यू स्ट्रेट थ्रू, सर.’ पलीकडून ‘थँक यू, डिअर’ आलं आणि मी बटण दाबलं.