दक्षिणेकडचे वारे पाहा, पण आवण ओल बघूनच टाका

मृग जवळ आला की आरेच्या पाड्यांपासून गोराई, उत्तन, वसईपर्यंत भाताचं बियाणं बाहेर निघतं. नेमक्या त्याच वेळी मोबाईलवर एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून आपला पाऊस कमी होण्याच्या शक्यतेच्या, बातम्या धडकतात. त्या वाचून पेरणी थांबवू नका आणि वळवाच्या एका सरीवर आवणही (भाताच्या रोपांसाठीची पेरणी) टाकू नका.

आपला पाऊस विषुववृत्ताच्या पलीकडून निघतो. जूनमध्ये तिकडे हिवाळा असतो. मॉरिशसच्या दक्षिणेकडच्या समुद्रावर हवेचा मोठा दाब तयार होतो. तिथून निघालेले वारे सोमालियाच्या किनाऱ्याजवळून वळतात आणि अरबी समुद्रावरची वाफ घेऊन सह्याद्रीला धडकतात. तो दाब ढिला पडला की आपल्याकडेही उघडीप लांबू शकते. भारतात आणि ऑस्ट्रेलियात दुष्काळ बरेचदा एकाच वेळी पडतो, हे ऑस्ट्रेलियात चार्ल्स टॉड यांनी १८८८ मध्येच नोंदवलं होतं. पुढे भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी प्रशांत आणि हिंदी महासागरांवरचे दाब एकमेकांशी उलटे चढतात-उतरतात, हे दाखवून दिलं. एल निनोचा अंदाज बांधताना हे दाब आजही पाहिले जातात.

मात्र मार्च-एप्रिलमधला एल निनोचा अंदाज सर्वांत कच्चा असतो. आणि एल निनो आला तरी कोकण कोरडं पडेलच असं नाही, कारण इथे सह्याद्री ढगांना अडवतो. २०२३ हे एल निनोचं वर्ष. मुंबईत मान्सून २५ जूनला पोचला, जुलैत धो धो कोसळला आणि ऑगस्टमध्ये देशभर मोठी ओढ बसली. आपलं नुकसान एकूण पाऊस कमी झाल्याने कमी आणि अशा खंडाने जास्त होतं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून आवण एकदम टाकू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत टाका, म्हणजे लावणीच्या वेळी पाणी लांबलं तरी कोवळं रोप हाताशी राहतं. त्यासाठी गादीवाफे, म्हणजे उंच केलेले वाफे, करा. बी तीन टक्के मिठाच्या पाण्यात (१० लिटरला ३०० ग्रॅम) बुडवा, तरंगणारं पोचट काढून टाका आणि उरलेलं साध्या पाण्याने नीट धुऊन सावलीत सुकवा. धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत) फक्त तिथेच करा जिथे वेळ पडल्यास हाताने पाणी देता येईल. माळावरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरांत कर्जत-३ सारखी हळवी (लवकर पिकणारी) जात घ्या आणि गरवे (उशिरा पिकणारे) वाण खालच्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत ठेवा.

हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापली आणि पूर्वेची निवली अशी बातमी आली, तर कापणीचा विचार आताच करा. २०१९ मध्ये हेच घडलं होतं. ऑस्ट्रेलिया वणव्यांनी पेटत होता, आणि आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळून उभं भात आडवं झालं. अशा वर्षी सगळं शेत एकाच वेळी पिकेल असे वाण निवडू नका. कापलेलं भात पसरायला ताडपत्री आणि उंच जागा आधीच ठरवून ठेवा.

पालक, माठ, मेथी लावणाऱ्यांनी आणि गच्चीवर भाजी करणाऱ्यांनी जुलैत मोकळ्यावर बी पेरू नये, मुसळधार सरींत ते वाहून जातं. वाफ्यांना उतार द्या, कुंड्यांची भोकं मोकळी ठेवा. पेरणीचा दिवस मात्र हवामान खात्याच्या मंगळवार-शुक्रवारच्या कृषी पत्रकावरून किंवा ‘मेघदूत’ या मोबाईल अ‍ॅपवरचा पाच दिवसांचा अंदाज बघूनच ठरवा.