तुलना करणाऱ्या इंग्रजी शब्दांपूर्वी स्वल्पविराम केव्हा द्यावा

वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या पर्यटकांसाठी इंग्रजीत माहिती लिहिणाऱ्या मार्गदर्शकांना, तसेच लातूर, नांदेड येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना, ‘दॅन’, ‘ॲज’, ‘लाइक’ या शब्दांपूर्वी स्वल्पविराम द्यावा की नाही, असा प्रश्न वारंवार पडतो. मराठीतील ‘पेक्षा’ किंवा ‘सारखा’ मागील शब्दाला जोडून येतात, म्हणून तेथे चिन्हाचा प्रश्नच उद्भवत नाही. इंग्रजीत हे शब्द सुटे असल्यामुळे हात थबकतो. अशा वेळी तुलनेचा भाग वगळून वाक्य वाचावे आणि उरलेले विधान पूर्ण व खरे राहते का, हे पाहावे.

‘दॅन’च्या बाबतीत निर्णय सोपा आहे. ‘अजंता इज ओल्डर दॅन एलोरा’ या वाक्यातून शेवटचे दोन शब्द काढले, तर कोणापेक्षा जुनी हे कळत नाही; म्हणून स्वल्पविराम नको. ‘द केव्ह्ज ॲट एलोरा आर ईझियर टू रीच फ्रॉम द सिटी दॅन द केव्ह्ज ॲट अजंता’ हे वाक्य लांबले, तरी नियम बदलत नाही. ‘ॲज ओल्ड ॲज’ अशा जोडीलाही हेच लागू होते. मात्र तुलनेच्या मध्येच दुसरी तुलना शिरली, की चिन्हे लागतात आणि ती दोन लागतात: ‘द पेंटिंग्ज इन केव्ह 1 आर ॲज फाइन ॲज, इफ नॉट फायनर दॅन, दोज इन केव्ह 17.’ येथे पहिल्या स्वल्पविरामापूर्वीचा दुसरा ‘ॲज’ अनेकजण गाळतात. तो गाळल्यास वाक्याची बांधणीच मोडते.

खरा विचार ‘लाइक’ आणि ‘सच ॲज’ यांच्याबाबत करावा लागतो. ‘बीबी का मकबरा लुक्स लाइक द ताजमहाल’ येथे तुलना हेच विधान आहे, म्हणून चिन्ह नाही. ‘बीबी का मकबरा, लाइक द ताजमहाल, हॅज फोर मिनारेट्स’ येथे चार मिनार ही माहिती ताजमहालाच्या उल्लेखाविनाही खरी राहते, म्हणून त्या उल्लेखाच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवेत. एकच देणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. ‘केव्ह्ज सच ॲज केव्ह 32 आर जैन’ यातून उदाहरण काढल्यास वेरूळच्या सर्वच लेणी जैन ठरतील, म्हणून येथे चिन्ह देऊ नये. ‘द जैन केव्ह्ज ॲट एलोरा, सच ॲज केव्ह 32, लाय ॲट द नॉर्दर्न एंड’ यात उदाहरण काढले, तरी विधान खरेच राहते, म्हणून येथे ते द्यावे. ‘सच ॲज’च्या नंतर लगेच स्वल्पविराम कधीही देऊ नये.

‘अनलाइक’ने वाक्य सुरू झाल्यास तो भाग संपताच स्वल्पविराम येतो: ‘अनलाइक अजंता, एलोरा हॅज बुद्धिस्ट, हिंदू अँड जैन केव्ह्ज.’ ‘रादर दॅन’ आरंभी आल्यासही असेच करावे. ‘द कैलास टेंपल वॉज कट फ्रॉम द टॉप रादर दॅन बिल्ट फ्रॉम द ग्राउंड’ यासारख्या वाक्यात मात्र तो मध्ये येऊन दोन पर्याय जोडतो, म्हणून त्यापूर्वी चिन्ह लागत नाही.

‘जितके-तितके’ या अर्थाच्या रचनेत दोन भागांमध्ये स्वल्पविराम द्यावा: ‘द लाँगर यू लुक, द मोर यू सी.’ ‘द सूनर द बेटर’ इतके आटोपशीर वाक्य असेल, तर तो वगळला तरी चालतो.

माहितीफलक लिहिणाऱ्यांनी ‘ॲज’चा आणखी एक उपयोग ओळखायला हवा. ‘डू नॉट टच द वॉल्स, ॲज द पेंटिंग्ज आर फ्रॅजाइल’ येथे तो तुलना करत नाही, कारण सांगतो. मुख्य सूचनेनंतर असे कारण आले, की त्यापूर्वी स्वल्पविराम द्यावा.