गावात राहून टॅटू काढायचा असेल तर हे वाचा

आमच्या दर्यापूरकडे पोरीनं हातावर टॅटू काढला की संध्याकाळपर्यंत गावभर होते, अन् मग "हिचं लगन जमन का आता" हे चार मावश्यांकडून ऐकावंच लागते. माझा काढून चार वर्षं झाली, म्हणून लिहिते.

घरी सांगायची सुरुवात आजीपासून करा, खरंच. माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके अन् मनगटावर तुळशीवृंदावन आहे, रेघा आता फाकल्यात, काळ्याचा हिरवा झालाय. बाबांसमोरच तिला विचारलं तर म्हणे, "गोंदनारीन आल्ती बाप्पा, मायनं सुपभर जवारी देल्ली तिले. दागिने इथंच राह्यतेत, मेल्यावर संगं गोंदनच येते." बाबा काहीच बोलले नाही. आजीचं ते संस्कार अन् माझं ते थेरं, हे मला अजूनही पटत नाही.

मग जागा ठरवा. भरतीची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांनो, इथं घाई नका करू. आर्मीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला नाहीतर पंजाच्या मागच्या बाजूला चालते, एसएससी जीडीत, म्हणजे बीएसएफ-सीआरपीएफसारख्या दलांच्या शिपाई भरतीत, हाताच्या आतल्या बाजूला काढायचा तर फक्त डाव्या, कारण सॅल्यूट उजव्यानं मारतात, अन् आकार त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा लहान पाहिजे. आदिवासी समाजाच्या परंपरेच्या गोंदणाला आर्मीत सूट आहे. तरी त्या वर्षीची जाहिरात वाचूनच काढा. मानेवर काढून मेडिकलमध्ये बाद झालेला पोट्टा घरी येतो तेव्हा सगळं घर टॅटूलाच शिव्या देते.

जत्रेत अजिबात नका काढू. माझ्या मैत्रिणीनं काढला तेव्हा मी बाजूलाच उभी होते, बॅटरीवरची मशीन, एकच सुई, अन् रक्त पुसायला सगळ्यांना एकच ओला फडका, तिचा हात आठ दिवस सुजलेला होता. सूज उतरते हो, पण अशा सुईनं हिपॅटायटिस बी, सी अन् एचआयव्हीही होऊ शकतो. अमरावती-अकोल्याला स्टुडिओत जा, सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा, हातमोजे नवे, शाई छोट्या टोपणात वेगळी काढलेली, अन् "दादा, पाकीट दाखवा" म्हणायला लाजू नका. हिपॅटायटिस बीची लस आधीच घ्या, मोठ्यांना तीन डोस लागतात, पहिला, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. शुगर असेल किंवा जखमेचा व्रण फुगून वर येत असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. अन् टॅटूनंतर 12 महिने रक्तदान करता येत नाही.

मे महिन्यात काढू नका, ऊन अन् घाम दोन्ही वाईट. कपाशी वेचायच्या दिवसातही नको, बोंडाची टोकं नेमकी तिथंच ओरखडतात. दोन-तीन आठवडे विहिरीत, नदीत पोहणं बंद, साध्या साबणानं हलक्या हातानं धुवायचं, हळद, चुना, तेल काही लावायचं नाही, खपली आपोआप पडू द्यायची. शेतात जायचंच असेल तर सैल सुती फुल बाह्यांचा शर्ट घाला, बाबांचा जुना असला तरी चालते, मी तोच घालून जायची.