गोव्यात गाडीची काच फोडून चोरी झाली, तर पहिल्या दिवशी काय करावं

काच फुटलेली दिसली की हात आपोआप सीटवरच्या तुकड्यांकडे जातो. तो आवरा. दाराची मूठ, काचेची उरलेली कड, डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकण यांवर ठसे असू शकतात. काही न हलवता फोटो घ्या : नंबरप्लेट आणि फुटलेली काच एकत्र दिसेल असा एक, मग जवळून, मग आतून. जागा निर्जन असेल आणि अंधार पडला असेल, तर तेवढं करून उजेडात या आणि ११२ लावा. दिवसा असाल तर आसपासची झुडपं, माडांची बाग, गटाराची कडा जरूर बघा. चोराला बहुधा रोकड आणि फोन-लॅपटॉप हवा असतो, कागदपत्रांसकट पाकीट तो जवळच टाकून देतो. डिकीतला मॅट उचलून स्टेपनी आणि जॅकही तपासा.

फोन गेला असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी दुसऱ्या फोनवरून तो शोधा, त्याच्या ठिकाणाचा स्क्रीनशॉट घ्या आणि फोन दुरून लॉक करा. सिम आधीच बंद केलं तर त्याचं इंटरनेट तुटतं आणि शोधही थांबतो. हे पाच मिनिटांत उरकून लगेच सिम बंद करा, म्हणजे चोराच्या हाती ओटीपी जाणार नाहीत. मग बँकेला सांगून कार्ड आणि यूपीआय बंद करा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. खात्यातून पैसे गेलेच असतील तर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. फोनचं ठिकाण नकाशावर दिसलं तरी स्वतः तिथे जाऊ नका, ते पोलिसांना दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सुट्टी संपत आलेली असते, मुलं कंटाळलेली असतात आणि 'घरी जाऊन बघू' असं वाटतं. तसं करू नका. शून्य एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो हे खरं, पण घटनास्थळाचा पंचनामा, सीसीटीव्ही, ठसे हे सगळं गोव्यातच आहे. गाडी आंबोली किंवा चोर्ला चढली की ते हातून गेलं म्हणून समजा.

ठाणं चोरीच्या जागेवरून ठरतं, मुक्कामावरून नाही. कळंगुटला राहत असाल आणि शापोरा किल्ल्याच्या पायथ्याशी काच फुटली, तर हणजूण (अंजुना) पोलीस ठाणं. पाळोळेला फुटली तर काणकोण. मराठीत बोलायला अडचण येत नाही, पण नोंद बहुतेक वेळा इंग्रजीत होते, म्हणून सही करण्याआधी ती वाचून घ्या. दोन गोष्टी बघा. एक, कागदावर 'हरवले' नव्हे, 'काच फोडून चोरी' असं हवं. कागदपत्रं हरवल्याच्या साध्या दाखल्यावर विम्याचा दावा अडतो. दोन, प्रत्येक वस्तूचं वर्णन, फोनचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावर किंवा बिलावर असतो) आणि अंदाजे किंमत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार एफआयआरची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद होत नसेल तर त्याच कलमाखाली जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते. प्रत हाती आली की सीईआयआर या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करा. तिथे ओटीपी लागतो, म्हणून डुप्लिकेट सिम आधी घ्या.

पंचनामा झाल्यावरच साफसफाई. बाजूची काच टफन्ड असते, फुटली की तिचे चण्याएवढे दाणे होतात आणि निम्मे दाराच्या पोकळीत उतरतात. म्हणून त्या दाराचं पॉवर विंडोचं बटण दाबू नका, दाणे यंत्रणेत अडकतात. हातमोजे घाला, ब्रशने गोळा करा, सीटबेल्टच्या बकलमध्ये आणि लहान मुलांच्या सीटच्या खाचांत नीट बघा.

तात्पुरतं झाकायला जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, खिडकीपेक्षा सगळीकडून १५ सेंटीमीटर मोठं. काळं नको, आरसा दिसायला हवा. दार उघडा, प्लास्टिक चौकटीवरून आत दुमडा आणि दार बंद करा, म्हणजे दाराचं रबर ते घट्ट धरतं. केवळ चिकटपट्टीवर ठेवलेलं प्लास्टिक वेगात फडफडून सुटतं. चिकटपट्टी रंगावर थेट लावू नका, गोव्याच्या उन्हात तिचा गोंद रंगावरच बसतो. खाली मास्किंग टेप, वर पॅकिंग टेप. खालून सुरुवात करून वरची पट्टी शेवटी लावा, कौलांसारखी, म्हणजे पाणी आत शिरत नाही. वेग ६० च्या खाली ठेवा. पावसाळ्यात असं झाकून रात्री घाट उतरू-चढू नका, एक मुक्काम वाढवा.

काच बसवायला म्हापसा किंवा मडगाव गाठा. सकाळी फोन करून मॉडेल, वर्ष आणि नेमकी कुठली काच ते सांगा. मागच्या दारामागची तिकोनी काच लहान असूनही अनेकदा महाग पडते, कारण ती चिकटवून बसवलेली असते. नव्या काचेवर आयएसआय चिन्ह बघा. दाराचं पॅड काढून आतले दाणे व्हॅक्यूम करायला सांगा आणि तळाची पाणी जाण्याची भोकं मोकळी आहेत का ते स्वतः बघा. ती बुजली तर दार आतून गंजतं, आणि खाऱ्या हवेत फार लवकर.

विम्याचं काम दुरुस्तीआधी करा, सर्व्हेअरला फुटलेली गाडी दिसायला हवी. केवळ थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर काही मिळत नाही. आतल्या बॅगा-लॅपटॉप साध्या पॉलिसीत येत नाहीत, त्यासाठी वेगळं ॲड-ऑन लागतं. एका काचेसाठी दावा करण्याआधी हिशेब मांडा. समजा खर्च ४,००० रुपये आला. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० आहे, म्हणजे फार तर ३,००० मिळतील. ओडी प्रीमियम (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता) बोनस वजा होण्याआधी १०,००० आणि नो क्लेम बोनस ५० टक्के असेल, तर तो गेल्यावर पुढच्या वर्षी ५,००० जास्त भरावे लागतील. बोनस राखणारं ॲड-ऑन नसेल तर खिशातूनच काच बसवा.

भाड्याची गाडी असेल तर काचेला हात लावण्याआधी मालकाला फोन करा, पॉलिसी त्याची आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी नसतील तर ती गाडी स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या परवान्याची नाही, तिच्या विम्यावर भरवसा ठेवू नका.

गाडीची दुसरी किल्ली आत होती आणि गेली, तर त्या रात्री गाडी त्याच जागी ठेवू नका. सर्व्हिस सेंटरला ती किल्ली गाडीच्या सिस्टिममधून काढायला सांगा. लायसन्स-आरसी गेलं असेल तरी घरी गाडी चालवत जाता येतं, डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत वाटेत चालते. डुप्लिकेट आरसी मात्र जिथे गाडीची नोंदणी आहे त्याच आरटीओत, फॉर्म २६ भरून मिळते. त्यासोबत जोडायला एफआयआरच्या दोन-तीन प्रती गोव्यातच झेरॉक्स करून घ्या.