जुन्या जपानी तलवारी जमवताय? या चुका टाळा

जुनी जपानी तलवार हातात आली की नव्या माणसाला ती चकचकीत करायची घाई होते. तोक्योत राहून बारा वर्षं मी या तलवारींच्या मागे आहे. थोड्या जमवल्या, पुष्कळ हाताळल्या. दर काही महिन्यांनी कोणीतरी तीच चूक करून माझ्या दारात उभं राहतं, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

नाकागो घासणं

पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो तो नाकागो. लोहार त्यावर कानशीने ठरावीक पद्धतीच्या रेघा मारतो, छिन्नीने सही कोरतो आणि सोडून देतो. पुढे तो मुठीच्या अंधारात गंजत राहतो, तीनशे वर्षं, पाचशे वर्षं. तो गंज हाच तलवारीच्या वयाचा दाखला. जुना नाकागो बरणीतल्या जुन्या चिंचेसारखा काळा-तपकिरी दिसतो आणि बोट फिरवलं तर बोटाला काही लागत नाही. नवा गंज लालसर असतो, बोटावर उतरतो.

काही वर्षांपूर्वी ओळखीतला एक मुलगा, मूळचा पुण्याचा, जुन्या बाजारातून एक वाकिझाशी, म्हणजे आखूड तलवार, घेऊन रविवारी घरी आला. "काका, दोन तास बसून सगळा गंज काढलाय, बघा तर." मी मूठ आणि पातं जोडणारी बांबूची खुंटी काढली, मूठ उतरवली. समोर स्टीलच्या पट्टीसारखा पांढराफटक नाकागो. आधी जाडा पॉलिश पेपर, मग बारीक. कानशीच्या रेघा गेलेल्या. छिन्नी चालते तेव्हा अक्षराच्या कडेला लोखंडाचा बारीक उंचवटा उठतो, तो बोटाला जाणवायला हवा. इथे सगळं गुळगुळीत. खुंटीच्या भोकाची कडसुद्धा गोल झालेली. आणि पातं इतकं देखणं, की बघून जास्तच वाईट वाटलं.

आम्ही ते तोगिशीकडे, म्हणजे तलवारींना पॉलिश करणाऱ्या कारागिराकडे नेलं. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या आणि शांतपणे सांगितलं की पातं पॉलिश करता येईल, नाकागो मात्र आता पूर्वीसारखा होणार नाही. सहीच्या रेघांमधला गंज आणि भोवतालचा गंज एकाच वयाचा आहे का, हे पाहूनच सही खरी की मागाहून कोरलेली ते ठरवायला मदत होते. तो पुरावा त्या मुलाने कचऱ्यात टाकला होता. तिथून निघाल्यावर तो मुलगा बराच वेळ बोलला नाही. त्याच्यावर मी रागावलो नाही, पण दोन मिनिटांच्या व्हिडिओत "गंज काढायची सोपी युक्ती" शिकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

माझी सवय एवढीच: ताजा लाल गंज दिसला तर मऊ सुती कापडावर तेलाचा एक थेंब, हलक्या हाताने एकदा पुसायचं. काळ्या गंजाला हात लावायचा नाही.

सही वाचून तलवार घेणं

जपानीत खोट्या सहीला गिमेई म्हणतात आणि गिमेई शेकडो वर्षांपासून चालत आलेली आहे. सतराव्या शतकातला नागासोने कोतेत्सू आधी एचिझेन प्रांतात चिलखतं करायचा, मग एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, येऊन तलवारी करू लागला. त्याचं नाव इतकं गाजलं की खोट्या कोतेत्सूंचा पूर आला. मासामुने या जुन्या नामवंत तलवार-कारागिराचं उलट, त्याच्या सही केलेल्या तलवारी अगदी मोजक्या. म्हणजे ठळक "मासामुने" कोरलेलं दिसलं तर आधी शंका घ्या.

जपानमधल्या परीक्षेच्या बैठकांत नाकागो झाकून तलवार हातात देतात. मीही घरी तसंच करतो. आधी आकार आणि बाक, मग पोलादाचा पोत, मग हामोन, म्हणजे धारेलगतची ती धुक्यासारखी पांढरी रेषा. मनात एक काळ आणि एक प्रांत ठरला की मगच नाकागो उघडायचा. पोलाद एक सांगतंय आणि सही दुसरं, तर पोलादावर विश्वास ठेवा. हे यायला वर्षं लागतात. ज्यांना पहिल्याच महिन्यात "खजिना" हवा असतो त्यांनी आधी तोक्योतल्या र्‍योगोकू भागातल्या तलवार संग्रहालयात चार-पाच चकरा माराव्यात. तिथे काचेपलीकडे गुडघे वाकवून, दिव्याचा कोन धरून हामोन बघायला शिकता येतं, आणि त्याला तिकिटापलीकडे पैसे लागत नाहीत.

नोंदणीपत्र म्हणजे अस्सलपणाचा दाखला समजणं

तोरोकुशो, म्हणजे तलवारीसोबतचं नोंदणीपत्र, फक्त एवढंच सांगतं की ही तलवार जपानमध्ये कायदेशीर आहे. सही खरी आहे असं ते म्हणत नाही. परीक्षेचे कागद वेगळे. 1948 साली स्थापन झालेली निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई ही तलवारी जतन करणारी संस्था ते देते: होझोन, तोकुबेत्सु होझोन, जूयो, तोकुबेत्सु जूयो, अशा चढत्या पायऱ्या.

साज उतरवताना घाई

मूठ, म्यान, त्सुबा (मूठ आणि पात्यामधली हात वाचवणारी चकती) हा सगळा साज म्हणजे कोशिराए. त्सुबाच्या मागेपुढे सेप्पा नावाच्या पातळ चकत्या असतात. त्या दिसायला सारख्या, पण जागा ठरलेल्या. मी टॉवेल पसरतो, उतरवलेला प्रत्येक भाग त्याच क्रमाने मांडतो आणि फोटो काढतो. मूठ घट्ट बसली असेल तर लाकडी ठोकळ्याने हळूहळू, लोखंडी हातोडी अजिबात नाही. खुंटी सैल झाली तर बांबूचीच नवी करा. खिळा किंवा पेन्सिलचा तुकडा घातलेली मूठ मी पाहिली आहे. अशा मुठीतून पातं सुटलं तर समोरच्याचा जीव जाईल.

शाकुदोची त्सुबा चिंचेने किंवा भांडी घासायच्या पावडरीने कधीही धुऊ नका. ते तांबं-सोन्याचं मिश्रण असतं आणि त्याचा निळसर काळा रंग हीच त्याची किंमत. आपल्याकडे तांब्या लखलखीत करायची सवय असते, ती इथे घात करते.

दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी साजातली तलवार मिळाली तर साज फेकू नका. आत एखाद्या घराण्याचं जुनं पातंही असू शकतं, आणि तो साज स्वतःच इतिहास आहे. 1935 सालच्या नमुन्याच्या, पात्यावर क्रमांक ठोकलेल्या तलवारी मात्र यंत्रावरच्या.

उघड्या पात्याला बोट लावू नका, त्याच्यासमोर बोलू नका. थुंकीचा शिंतोडा आणि बोटाचा ठसा दोन्ही गंजतात. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात तर फार लवकर.

आणि ग्राइंडरवाल्याकडे पातं कधीच नेऊ नका. उष्णतेने धारेचं पाणी उतरतं आणि ते परत चढत नाही.

जपानमध्ये तलवार घेतली तर घरी पोहोचल्यावर नोंदणीपत्रातली लांबी, बाक आणि भोकांची संख्या टेपने मोजून जुळवा, मग 20 दिवसांच्या आत, ज्या प्रांताने पत्र दिलं त्या शिक्षण मंडळाला मालक बदलल्याचं कळवा. देशाबाहेर न्यायची असेल तर तिकीट काढायच्या आधी सांस्कृतिक खात्याची परवानगी मागा, कारण त्याला काही आठवडे लागतात.