अडखळत बोलणाऱ्या मुलाचं रेकॉर्डिंग: ऑडॅसिटी कसं वापरावं

मी स्पीच थेरपिस्ट आहे. अडखळणाऱ्या मुलांसाठी मी ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर वापरते. ते फुकट आहे आणि बोलण्याचा आलेख समोर दिसतो.

सेटिंग: मोनो (एकच चॅनेल), सॅम्पल रेट ४४१०० हर्ट्‌झ. माइक तोंडापासून वीतभर लांब, किंचित बाजूला. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’चा फटका बसतो. ‘नॉइज रिडक्शन’च्या (मागचा गोंगाट पुसण्याच्या) नादी लागू नका. शब्द अडण्याआधीचा बारीकसा श्वास त्यात पुसला जातो आणि मला नेमका तोच ऐकायचा असतो.

रेकॉर्डिंग चालू आहे हे मुलाला सांगा, पण ‘आता नीट बोल हं’ म्हणू नका. म्हटलंत की ते गप्पच बसतं. ठोकळे, चित्रं समोर ठेवा, खेळू द्या. सुरुवातीचं बुजरं बोलणं मी मोजत नाही.

मग आलेख मोठा करून बघा. ‘म-म-मला’चे सारखे उंचवटे ओळीने दिसतात. ‘स्स्स्साप’चा लांबच लांब पट्टा दिसतो. ओठ मिटून ‘पाणी’वर अडलं, तर नुसती सपाट रेघ. ही रेघ फसवी असते, कारण विचार करायला थांबलेल्या मुलाचीही तशीच येते. पुढचा शब्द ऐका: अडलेला असेल तर बहुधा जोर लावून फुटल्यासारखा बाहेर पडतो. अशी जागा निवडून कंट्रोल आणि बी दाबा, लेबल लागतं. मी ‘पु’ (पुनरावृत्ती), ‘लां’ (लांबवलेलं), ‘अ’ (अडलेलं) एवढंच लिहिते.

मोजताना ‘म-म-मला’ची अक्षरं दोनच, त्यातलं एक अडखळलेलं. ३०० अक्षरांत अशी १८ आली, तर ६ टक्के. पण एका दिवसाच्या टक्केवारीवर जाऊ नका, अडखळणं रोज कमी-जास्त होतं. म्हणून घरचं रेकॉर्डिंगही मागवा. लिडकम या अडखळणाऱ्या लहान मुलांच्या उपचारपद्धतीत आईबाबा रोज ० ते ९ गुण देतात (० म्हणजे अजिबात अडखळलं नाही). तुमचे आणि त्यांचे गुण जुळत नसतील, तर एकच फाइल दोघांनी शेजारी बसून ऐका.

लहान मुलाला परत ऐकवायचं ते सहज आलेलं वाक्य, अडलेलं नाही. मोठी मुलं स्वतःहून मागतात, तेव्हा जरूर ऐकवा.

डोळे मिचकावणं, मान झटकणं ऑडिओत येत नाही. ते दिसत असेल तर फोनवर व्हिडिओही घ्या.